सातव्या पेटीचा नंबर

सातव्या पेटीने बोलणं सोडलं होतं आणि पाचवी बरळत होती. निदान ठकूचं तरी तसं म्हणणं होतं. ठकू म्हणजे सुनंदाआत्याच्या रेशीमशेडमध्ये छताखालच्या रुळावरून फिरणारी रोबो. अळ्यांना तुतीचा पाला घालायचा आणि प्रत्येक कप्प्यातल्या उष्मा मोजणाऱ्या पेटीला विचारून पंखे-फवारे चालवायचे, हे तिचं काम.

बाहेर मे महिन्याचं अंबडचं ऊन होतं आणि पाच व सात या कप्प्यांतले पंखे बंद पडले होते. कोष विणायला चार-पाच दिवस उरलेल्या, एरवी अधाशासारख्या खाणाऱ्या अळ्या पानाला तोंड लावेनात. आत्याने ओली गोणपाटं टांगली, पण ती बघता बघता वाळत होती. सुट्टीला आलेल्या रेवतीला रडू येत होतं. सातव्या कप्प्यातल्या अळ्या तिनेच इवल्याशा असल्यापासून वाढवल्या होत्या.

"तू नुसता पंखा लाव ना," ती ठकूला म्हणाली.

"कप्प्यात किती उष्मा आहे ते पेटीने सांगितल्याशिवाय मी पंखा लावत नाही. सातवी ओ देत नाही. पाचवी देते, पण त्यातलं काही कळत नाही."

मग ठकूने नीट समजावलं. सगळ्या पेट्या एकाच बसवर (सगळ्यांच्या निरोपांची एकच सामायिक तार) जोडलेल्या होत्या. ठकूची हाक सगळ्यांनाच ऐकू जाई, पण ज्या पेटीचा नंबर पुकारला तिनेच बोलायचं. शाळेतल्या हजेरीसारखंच हे, असं रेवतीला वाटलं. "पण एकाच नंबराला दोघी बोलल्या तर?" तिने विचारलं.

"मग मला नुसता गोंगाट ऐकू येईल," ठकू म्हणाली.

"आत्ता येतोय तसा?"

ठकू रुळावर थांबली. "तसाच."

म्हणजे सातवी पेटी स्वतःला पाचवी समजत होती. नंबर ठरतो तरी कसा, असं रेवतीने विचारलं. पेटीत आठ बारके स्विच असतात आणि ते माणसाने बोटाने लावायचे असतात, असं ठकूने सांगितलं. पहिल्याची किंमत एक, दुसऱ्याची दोन, तिसऱ्याची चार, चौथ्याची आठ, दरवेळी दुप्पट. वर असलेल्यांची बेरीज म्हणजे नंबर. ही बायनरी (प्रत्येक जागी फक्त 'आहे' किंवा 'नाही' सांगणारी) मोजणी.

रेवतीने बोटांवर मोजलं. सात म्हणजे एक, दोन आणि चार. पाच म्हणजे एक आणि चार.

"आत्या, दोनवाला स्विच खाली पडलाय."

आत्याने सातव्या पेटीचं झाकण काढलं. दुसरा स्विच खरंच खाली होता. आत्या ओशाळली. अळ्यांची नवी बॅच आणण्याआधी शेड धुऊन-पुसून काढावीच लागते, पण आत्याच्या स्वच्छतेला सीमा नाही. या खेपेला तिने पेट्यांची झाकणं उघडून आतूनही फडकं फिरवलं होतं.

"अती तिथं माती," ती म्हणाली आणि तिने काडीने स्विच वर केला.

ठकूने हाक मारली. सातवी तरीही गप्पच. रेवतीचा धीर सुटला. आत्या मात्र वेगळ्याच विचारात पडली होती. पुसलं ते अळ्या यायच्या आधी, मग पेटी आजच कशी बिघडली?

रेवतीने डोळे पुसले. आज सकाळी, अळ्या आल्यापासून पहिल्यांदाच, लाईट जाऊन आली होती.

"ठकू, पेटी आपला नंबर कधी वाचते?"

"वीज आली की एकदाच. मग पुन्हा वीज जाऊन येईपर्यंत तोच धरून बसते."

आत्याने पेटीचं बटण बंद केलं, थोडं थांबून चालू केलं. ठकूने सातवीला हाक मारली आणि उत्तर आलं. पाचवीही शहाण्यासारखी बोलू लागली. दोन्ही पंखे फिरले, फवारे सुटले. उन्हं उतरली तेव्हा सातव्या कप्प्यात एका अळीने पान कुरतडायला घेतलं, पाठोपाठ दुसरीने. रेवती तिथून हलेचना. तिला फार फार आनंद झाला होता.

दिवाळीच्या सुट्टीत ती पुन्हा आली तेव्हा आत्याने नवा कप्पा बांधला होता, बारावा. पेटी तिने रेवतीच्या हातात ठेवली. रेवतीने तिसरा आणि चौथा स्विच वर केला. आठही वर केले तर किती, असं तिने विचारलं. ठकूने दोनशे पंचावन्न सांगितले.

"तेवढ्यांना पाला कुठून आणू गं बाई?" आत्या म्हणाली.

रेवती हसली. तिने झाकण घट्ट लावलं आणि कुणी न सांगता बटण बंद करून पुन्हा चालू केलं.

"बारा," ठकूने पुकारलं.

लगेच उत्तर आलं.