चौथ्यांदा वाढलेला उजेड

डॉ. मैथिली देवस्थळीनं आलेख तिसऱ्यांदा मोठा करून पाहिला आणि खुर्चीतल्या खुर्चीत एक गिरकी घेतली. कोल्हापूरच्या प्रकाशजीवशास्त्र प्रयोगशाळेत सहा वर्षं घासल्यावर एकदाचं काहीतरी घडलं होतं. केतकी शिंगटे, वय वीस, खो-खोची खेळाडू, डाव्या पोटरीचा स्नायू फाटलेला. आणि तीन आठवड्यांत तिची झोप इतकी गाढ झालेली, की उशाशी ताशा वाजवला तरी चालावं. मनगटावरच्या निद्रापट्टीनं मोजलेला शरीराच्या रोजच्या दुरुस्तीचा भरपाई-अंक तर थेट नव्वदीत.

"सर, मी सही करते," ती म्हणाली. "सोमवारपासून पोरगी पूर्ण वेगानं धावू दे."

समोर बसलेले प्रा. यूसुफ मुजावर संख्याशास्त्राचे. प्रकल्पावर येऊन त्यांना आठवडाच झाला होता, पण दुसऱ्याच्या आनंदावर पाणी ओतण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. "सहीआधी मला एकदा सांग, तुझा तांबडा दिवा नक्की करतो काय?"

"पेशींमध्ये तंतुकणिका असतात सर, त्या म्हणजे शरीराच्या चुली. ठरावीक तांबडा प्रकाश मिळाला की चूल नीट पेटते. दुखावलेला स्नायू भरून येतो, झोप लागते. आमचा अरुणफलक घरी भिंतीला लावायचा आणि त्याच्यापासून अर्ध्या मीटरवर दहा मिनिटं बसायचं. दहा मिनिटांनी तो आपोआप विझतो."

"चाळीस मिनिटं बसलं तर?"

"तर उलटंच. चुलीत लाकडं कोंबली की जाळ होत नाही, धूर होतो. जास्त मात्रेनं दुरुस्ती थांबते आणि झोपही उडते."

"आणि लांब बसलं तर?"

"अंतर दुप्पट केलं की प्रकाश साधारण चौथाई."

मुजावरांनी मान डोलावली. "तीच निद्रापट्टी म्हणते, की ही पोरगी रोज पहाटे पावणेपाचला उठते. सराव बंद असलेली वीस वर्षांची खेळाडू पावणेपाचला उठून करते काय?"

मैथिलीनं पुन्हा आलेखाकडे पाहिलं. काल फोनवर केतकी म्हणाली होती, "मॅडम, पोटरी अजून ओढतेय." तिनं ते मनावर घेतलं नव्हतं, कारण आलेख एवढा देखणा होता. राज्य संघाची निवड पंधरा दिवसांवर आली होती. आज चुकीची सही केली आणि स्नायू पुन्हा फाटला, तर ही निवड गेलीच, कदाचित पोरीचा खेळच संपला. तिनं पेन बंद केलं आणि गाडीची किल्ली उचलली.

शिंगट्यांचं घर चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. दुसऱ्याच मजल्यावर मैथिलीला धाप लागली. तेवढ्यात दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेतलेली एक बाई तिला ओलांडून पुढे गेली, वर पिशव्या ठेवून परत खाली आली आणि मैथिलीच्या खांद्यावरची बॅग घेऊन पुन्हा निघाली.

"या मॅडम, मी केतकीची आई, शालन. सावकाश या, घाई नाही."

"तुमचे गुडघे झकास आहेत, काकू."

"कसले झकास. गेल्या महिन्यापर्यंत एक जिना चढवत नव्हता. देवाची कृपा, दुसरं काय."

केतकी फलकासमोर बसली होती. तिच्या मागे शालनकाकू स्टूल ओढून घेवडा निवडायला बसल्या. मैथिली कौतुकानं बघत राहिली. दहा मिनिटं झाली, फलक विझला. काकू उठल्या, त्यांनी बटण दाबलं आणि पुन्हा जागेवर येऊन बसल्या.

"काकू, हे काय केलंत?"

"एकदाच वाढू नये मॅडम, बरं नसतं ते. म्हणून दुसऱ्यांदा."

"म्हणजे वीस मिनिटं?"

"दोनदा वाढल्यावर आग्रह करायला नको का? म्हणून तिसऱ्यांदा. आणि तिनावर तर कुणी थांबतच नाही, म्हणून चौथ्यांदा."

"मी सांगून दमले," केतकी म्हणाली. "भाकरीचंही असंच असतं आमच्याकडे."

फलक त्या दिवशी लागला की नाही एवढंच नोंदवायचा, किती वेळा ते नाही. विझलेला दिवा कुणी पुन्हा लावील हे मैथिलीच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि तीही मराठी घरातच वाढलेली. "अगं, मग तुला एवढी झोप लागते कशी?"

"कसली झोप, मॅडम? रात्रभर टक्क जागी असते मी."

"पण पट्टी..." मैथिलीनं तिच्या मनगटाकडे पाहिलं. मनगट रिकामं होतं.

शालनकाकूंनी हिरव्या बांगड्या वर सरकवल्या. खाली निद्रापट्टी होती. "हिला खाज सुटते त्यानं. तुम्ही बजावलं होतं, एकही रात्र कोरी जाता कामा नये. मी जाऊ दिली नाही."

"आणि पावणेपाचला?"

"नळाला पाणी येतं."

मैथिलीनं पर्समधून टेप काढली आणि फलकापासून स्टुलापर्यंत धरली. बरोबर एक मीटर. दुप्पट अंतर, चौथाई प्रकाश, चौपट वेळ. लेकीच्या चुलीत तीन आठवडे लाकडं कोंबली जात होती, आणि मागे बसून घेवडा निवडणाऱ्या आईला रोज तंतोतंत मात्रा मिळत होती. मैथिलीला हसू आवरेना. तिनं हिशेब समजावून सांगितला, तशी केतकीही हसायला लागली.

काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या हातातल्या शेंगा परातीत पडल्या. "म्हणजे मीच माझ्या पोरीचा पाय बरा होऊ दिला नाही."

"काकू, धूर झालाय, चूल फुटलेली नाही. चार दिवस दिवा बंद. मग रोज दहाच मिनिटं, आणि पट्टी हिच्याच हातात, आतून मऊ कापड लावून. होईल बरी."

"आई, तुझे गुडघे तर बरे झाले," केतकी म्हणाली. "निदान घरातल्या घरात राहिलं."

पाचव्या दिवशी फलक लागला. दहा मिनिटांनी विझला, तेव्हा शालनकाकू दोन्ही हात मांड्यांखाली दाबून स्टुलावर बसून होत्या. केतकीनं पुढे सांगितलं, की आईला इतकं अवघड काम करताना तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. त्या रात्री केतकी सात तास झोपली. निवडीच्या आदल्या दिवशी मैथिलीनं पोटरी स्वतः तपासली, पोरीला मैदानावर पळवून पाहिलं आणि मगच सही केली. केतकी संघात आली.

मुजावरांनी तोवर प्रयोगातल्या उरलेल्या एकोणचाळीस खेळाडूंच्या घरांत फोन लावले होते. "सव्वीस पट्ट्या आयांच्या हातात निघाल्या," त्यांनी थंडपणे सांगितलं. "खेळाडूंवरचा तुझा प्रयोग बुडाला. आयांवरचा मात्र कमालीचा यशस्वी. शीर्षक बदल."

संघनिवडीचं जेवण शिंगट्यांकडे होतं. शालनकाकूंनी मैथिली आणि मुजावर दोघांना आमटी वाढली, दुसऱ्यांदा पळी भरली आणि ती ताटावर तशीच धरून थांबल्या. गेल्या पंधरा दिवसांत त्या धास्तावल्या होत्या. वाढू की नको हे त्यांना कळत नव्हतं.

"पुरे का, मॅडम?" त्यांनी हळूच विचारलं.

मैथिलीनं वाटी पुढे केली. "काकू, आमटीला मात्रा नसते. वाढा."

"आणि तिनावर थांबू नका," मुजावर म्हणाले.