मागच्या गाडीचे दिवे

खुर्च्या जरा शेकोटीजवळ ओढा. आणि तू रे, हसायचं ते आत्ताच हसून घे. ग्लेन ऑल्डरसनला मी चांगला ओळखायचो. विम्याच्या कचेरीतला माणूस, जिथेतिथे भुतं पाहणाऱ्यांतला नव्हे. आता तो आपल्यात येत नाही, म्हणून तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. हे त्याने मला एकदाच सांगितलं.

गेल्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबरचा दुसरा शनिवार, अमावास्या. आपल्या जुन्या गाड्यांच्या क्लबाची नेहमीची फेरी. दुपारी टूसॉनहून निघायचं, वाळवंटात सूर्यास्त बघायचा, कॉफी प्यायची, ॲपल पाय खायचा आणि अंधार पडला की रांगेने परतायचं. मी तेव्हा कंबर धरल्याने घरी पडून होतो. ग्लेन रांगेत शेवटून दुसरा. सगळ्यांत मागे त्याची मुलगी, जोडी नाव तिचं, त्यानेच दुरुस्त करून दिलेल्या जुन्या दोन सीटच्या गाडीत. आईबापांच्या घटस्फोटापासून ती त्याच्याशी धड बोलत नव्हती. त्या दिवशी मात्र तिने त्याच्या ताटलीतला ॲपल पाय न विचारता उचलून खाल्ला, आणि ग्लेनचंच पोट भरलं. निघताना तिच्या आईचा फोन आला.

"पोरीला आरशातून दिसेनाशी होऊ देऊ नकोस, ग्लेन," एवढंच ती म्हणाली.

आपला नियम तुम्हाला ठाऊक आहे. प्रत्येकाने मागच्याला सांभाळायचं. फाटा आला की मागच्याचे दिवे दिसेपर्यंत थांबायचं, मगच निघायचं. जुन्या खाणीच्या फाट्यावर ग्लेन असाच थांबला. आरशात काळोख होता. बराच वेळ काळोखच होता. मग दोन दिवे आले, पिवळट, जोडीच्या गाडीचे असतात तसेच. त्याचा जीव भांड्यात पडला आणि तो निघाला.

वॉकीटॉकीवर त्याने विचारलं, ठीक ना? नुसतं बटण दोनदा टिकटिकलं. म्हणजे ठीक. आधी विचारलं होतं तेव्हा ती वैतागून म्हणाली होती, "बाबा, मी काय पाळण्यात आहे?" म्हणून त्याने पुन्हा विचारलं नाही. त्याचं त्याला फार वाईट वाटतं अजून.

दिवे मागे होते. तो हळू झाला, तेही हळू झाले. त्याने वेग घेतला, त्यांनीही घेतला. आरशावरून त्याने नजर काढली नाही. रस्ता खडबडीत होता, त्याची गाडी हादरत होती. दिवे मात्र हलत नव्हते... जराही नाही.

पेट्रोल पंपावर सगळे थांबलेले. ग्लेन आत वळला. दिवे त्याच्यामागे वळले. थांबले. विझले.

तो उतरला.

मागे काहीच नव्हतं.

सगळे उलटे फिरले. ग्लेन सर्वांत पुढे. फाट्यावरून खाणीकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर, कोरड्या ओढ्याच्या वाळूत, जोडीची गाडी रुतलेली सापडली. पोरगी आत होती. जिवंत. ग्लेन रडायलाच लागला. त्याने काच ठोकली. ती उघडेना. हाका मारल्या. उघडेना. बापाच्या तोंडाकडे बघत होती आणि मागे सरकत होती.

शेवटी काच बोटभर खाली आली.

"तू मागून कसा आलास?"

"म्हणजे?"

"तू पुढे होतास. फाट्यावर तू वळलास, म्हणून मी वळले. मी रुतले, तेव्हा तू थांबलास... तिथे. लाल दिवे लावून. मी किती हाका मारल्या. तू उतरला नाहीस." तिचा आवाज बसला होता. "मी उतरून तुझ्याकडे येणार होते, बाबा. दार उघडलं होतं मी. तेवढ्यात तू वॉकीटॉकीवर..."

"काय? काय म्हणालो मी?"

तिने काच पुन्हा जराशी वर घेतली.

"जोडी..."

"म्हणालास, ये. पण... आवाज आईचा होता."

ग्लेनने टॉर्च पुढे मारली. दहाएक पावलांवर खाणीचा खड्डा, उघडा. तिथपर्यंत वाळू सपाट. चाकाची एक खूण नाही. जाणारी नाही, येणारी नाही.

फक्त खड्ड्याच्या काठावर एक ओला डाग. गाडी बराच वेळ उभी राहिली की तेल गळतं, तसा.

त्याने बोट लावलं.

तेल गरम होतं.