ओठांच्या आधी

सहदेव घाडीगावकरांचे कान गेले ते गिरणीत, आणि त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. साळखात्यात मागांचा असा खडखडाट असे की शेजारच्याची हाकसुद्धा ऐकू येत नसे. मग माणसं ओठ वाचायला शिकत. चार माग पलीकडे कोणी मुकादमाची टिंगल केली की सहदेव इकडे हसत. गिरणी बंद पडली, ते मुलुंडला गव्हाणपाड्यात राहायला आले, तरी सवय सुटली नाही. बायको सुगंधा त्यांच्याशी नेहमी समोर उभी राहून बोले. त्यामुळे हा गृहस्थ जवळजवळ बहिरा आहे हे कळायला शेजाऱ्यांना वीस वर्षं लागली.

तीन वर्षांपूर्वी सुगंधा गेली आणि समोर उभं राहून बोलणारं कोणी उरलं नाही. मुलगी मानसी दर रविवारी पवईहून येई. पण ती बोलायची फ्रिजमध्ये डोकं घालून, नाहीतर मोबाइलकडे बघत. सहदेव अंदाजाने मान हलवत. अंदाज चुकला की मानसीचा चेहरा उतरे. बाबांचं डोकं कामातून चाललंय, असं तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

एका रविवारी मात्र ती समोर बसली. "बाबा, महिन्याने डॉक्टर तुमची स्मरणशक्ती तपासणार आहेत. त्यात काही निघालं ना, तर मी तुम्हाला इथे एकटं ठेवणार नाही. कर्जतला एक चांगला वृद्धाश्रम बघून ठेवलाय."

"माका काय झाला नाय," सहदेव म्हणाले. "आणि मी हयसून खंय जावचंय नाय. हयच रवतलंय."

"आधी कानाचं मशीन तर घेऊया."

स्टेशनजवळच्या दुकानात नीलम नावाच्या मुलीने मशीन कानात नीट बसवून दिलं. "कानांना काम नसलं की मेंदूही आळसावतो, काका. दिवसाचे आठ तास तरी लावायचंच," तिने बजावलं. सहदेव घरी आले आणि आठवडाभर लहान मुलासारखे नुसते ऐकत बसले. नळाची धार, कबुतरांचं घुमणं, वरच्या मजल्यावरची मिक्सरची घरघर. आपल्या चपलांचा आवाज होतो, हे त्यांना पन्नास वर्षांनी कळलं. सुगंधाचा आवाज तेवढा राहिला ऐकायचा, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

आठव्या दिवशी भाजीवालीशी बोलताना त्यांना काहीतरी खटकलं. बाईचे शब्द आधी येत होते आणि ओठ मागून हलत होते. फरक अगदी निमिषाचा, दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आला नसता. पण सहदेवांनी उभी हयात ओठांवर नजर ठेवून काढली होती.

ते तडक नीलमकडे गेले. तिने मशीन कॉम्प्युटरला जोडून तपासलं, पुसलं आणि पुन्हा त्यांच्या कानात घातलं. "मशीन एकदम ठीक आहे, काका," हे त्यांना स्वच्छ ऐकू आलं. नीलमचं तोंड तेव्हा मिटलेलं होतं. ते उघडलं नंतर.

मग सहदेवांनी घड्याळ लावून बघायला सुरुवात केली. बेल ऐकली की दार उघडायचं नाही, वेळ लिहून ठेवायची. सोमवारी इस्त्रीवाला बेलनंतर चाळीस सेकंदांनी आला. गुरुवारी तीन मिनिटांनी. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे वाढत चालले. हे सांगायचं कुणाला? मानसीला सांगितलं असतं तर तिने त्याच संध्याकाळी बॅग भरली असती.

तरी व्हायचं ते झालंच. रविवारी मानसी चहा गाळत होती आणि सहदेव बोलून गेले, "गणपतीक गावाक जावया, पण तिकिटा आताच काढ."

मानसीच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "बाबा, मी अजून काही विचारलंच नाही."

चहा निवून गेला. पाच मिनिटांनी मानसीने हळूच विचारलं, "गणपतीला गावी जायचं का?" आणि विचारता विचारता तिचे डोळे भरून आले.

तपासणीच्या दिवशी फरक अठरा मिनिटांवर गेला होता. दवाखान्याबाहेर बाकावर ते मानसीशेजारी बसले होते. आत गेल्यावर मशीन काढून खिशात टाकायचं आणि डॉक्टरांचे ओठ वाचायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. तेवढ्यात कानात एक अनोळखी बाई बोलू लागली. "आजोबा, पाच शब्द सांगते. नीट लक्षात ठेवा. नारळ, खिडकी, देऊळ, निळा, कात्री."

पाठोपाठ एक म्हातारा आवाज ते शब्द तसेच म्हणू लागला. तो आवाज आपलाच आहे हे ओळखायला सहदेवांना जरा वेळ लागला. मग वार, तारीख, शंभरातून सात वजा करत जाणं. तो आवाज कुठेही अडखळला नाही.

त्यांना आत बोलावलं. डॉक्टरांना सर्दी झाली होती, त्यांनी मास्क लावला होता. ओठांचा प्रश्नच मिटला.

डॉक्टर मास्कमागून काहीतरी विचारत होत्या आणि सहदेवांच्या कानात रिक्षा धडधडत होती. रिक्षात मानसी हसत होती. "बाबा, किती बरं वाटलं मला! आता राहा तुमच्या घरी, कोणी हलवत नाही तुम्हाला."

सहदेवांनी डॉक्टरांच्या डोळ्यांकडे बघितलं आणि बाहेर ऐकलेली उत्तरं एकेक करून सांगून टाकली.

ते पास झाले. मानसीचा जीव भांड्यात पडला. आता ती दर रविवारी येईना, महिन्यातून एकदा येऊ लागली.

मशीन मात्र पुढेच धावत होतं. तास झाले, दिवस झाले, मग सहदेवांनी मोजणं सोडलं. काढून ठेवावं असं रोज मनात येई. पण काढलं की घर मुकं होई, आणि ते मुकेपण आता त्यांना सोसवत नव्हतं. कुठल्या का दिवसाचे असेनात, घरात आवाज तर होते.

मग एक दिवस मानसीचा आवाज यायचा बंद झाला. पाठोपाठ त्यांचं स्वतःचं खोकणंही.

दोन-तीन दिवस कानात काहीच नव्हतं.

चौथ्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, ते खिडकीशी बसले होते. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. गॅसवर काही नव्हतं.

एक बाई बांगड्या वाजवत भांडी लावत होती. बाहेरच्या खोलीत एक मुलगी सतराचा पाढा म्हणत होती. दोन्ही आवाज अनोळखी होते.

सहदेवांनी खोलीभर नजर फिरवली. खोली रिकामी होती.

पाढा मध्येच थांबला.

"कोण आसा थंय?" खिडकीपाशी त्याच म्हाताऱ्या आवाजाने विचारलं.

सहदेवांनी तोंडावर हात ठेवला. ओठ मिटलेले होते.

"आई, ते परत विचारतायत."

"विचारू देत. तू उत्तर देऊ नकोस."

"मी रोज देते गं," मुलगी म्हणाली. "त्यांना ऐकूच येत नाही."