शहाणी

सांगलीच्या मार्जार-आरोग्य प्रयोगशाळेतल्या भिंतभर पडद्यावर शहराचा नकाशा होता, आणि नकाशावर हिरवे ठिपके. एक ठिपका म्हणजे एक मांजर. सगळं शहर असं हिरवंगार पाहिलं, की एकही झाड न लावता वृक्षारोपण केल्याचं समाधान उल्हास दांडेकरला मिळत असे.

ठिपक्यांमागचा ‘मार्जारमित्र’ गळपट्टा त्याच्याच डोक्यातून निघाला होता. मांजरीचा ताप, श्वास, झोप, गुरगुर, पाण्याच्या भांड्याकडच्या फेऱ्या, सगळं तो मोजायचा आणि मालकाच्या फोनवर एका शब्दात निकाल द्यायचा. आता मांजरीच्या नसबंदीची घाई नको, गर्भाशयात काही बिघडलंच तर पट्टा आधी सांगेल, अशी जाहिरात होती. लोकांना ती पटली. न करण्याच्या गोष्टीला शास्त्रीय कारण मिळालं की ते लोकांना नेहमीच पटतं.

दार ढकलून डॉक्टर रेहाना मुजावर आत आल्या. त्या प्रयोगशाळेच्या पशुवैद्य. शस्त्रक्रियेचा एप्रन अजून अंगावरच होता.

“आणखी एक गेली, दांडेकर. गर्भाशय पुवानं तुडुंब. आणि पट्टा काय दाखवत होता, विचारा.”

“काय?”

“हिरवा. ‘शहाणी’, नव्व्याण्णव टक्के.”

“यंत्र चुकत नाही, मॅडम.”

“मग काय, मांजर चुकून मेली?”

उल्हासने चष्मा पुसला. रेहानाबाई खुर्ची ओढून बसल्या.

“नीट ऐका. मांजर माजावर येऊन गेली, की पुढच्या काही आठवड्यांत हे होऊ शकतं. गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर पू बाहेर येतो. गादी खराब होते, मग मालक धावत येतो. तोंड बंद असेल तर सगळं आतच साठतं. मांजर खात नाही, पाणी मात्र सारखं पिते. पोट जड होतं. आणि ती कोपऱ्यात गप्प बसते. मांजर दुखणं दाखवत नाही हो. अशक्त दिसलो तर कुणीतरी खाईल, हे तिच्या रक्तातच आहे. दुखत असताना गुरगुरतेसुद्धा.”

“पण गुरगुर म्हणजे समाधान...”

“हे यंत्राला कुणी शिकवलं?”

“मालकांनीच. रोज संध्याकाळी फोन विचारतो, ‘आज कशी आहे?’ मालक आपल्या शब्दांत उत्तर देतो. मोजमापांची आणि शब्दांची सांगड घालत यंत्र शिकत जातं. आम्ही त्याला लोकशिक्षण म्हणतो.”

“काढा बघू तुमचं लोकशिक्षण.”

त्याने उत्तरं पडद्यावर घेतली. माजावर येऊन ओरडणाऱ्या धडधाकट मांजरींच्या नावापुढे ‘पिसाळलीय’, ‘वेड लागलंय’, ‘शेजारी तोंड दाखवायची सोय नाही’ असे शेरे होते. एकीचं पिल्लू अडलं होतं आणि ती तासभर नुसत्याच कळा देत होती. तिचा मालक लिहीत होता, ‘नाटकं.’ आणि ज्या मेल्या, त्यांच्या शेवटच्या आठवड्यात ओळीने एकच शब्द. शहाणी. शहाणी. आता कशी शहाणी झालीय.

“दांडेकर, तुम्ही मराठी माध्यमातले. शहाणी म्हणजे काय हो?”

“म्हणजे... जिचा कुणाला त्रास नाही ती.”

“तुम्ही तब्येत विचारलीत,” रेहानाबाई म्हणाल्या, “आणि लोकांनी वागणुकीचा दाखला दिला.”

उल्हास हसणार होता, पण मध्येच थांबला. त्याच्या घरची चिंगी गेल्या महिन्यात ओरडून ओरडून बिल्डिंग डोक्यावर घेत होती. एक तरी बाळंतपण होऊ दे बिचारीचं, म्हणून नसबंदी त्यानेच लांबवली होती. आणि अलीकडे रोज संध्याकाळी तोही एकच शब्द लिहीत होता.

त्याने बायकोला फोन लावला.

“वृंदा, चिंगी काय करतेय?”

“खात नाही, खात नाही, म्हणून किती दिवस सांगतेय. तुम्ही फोन दाखवलात. म्हणालात, यंत्रापेक्षा तुला जास्त कळतं का?”

“अगं, लगेच इकडे घेऊन ये तिला.”

“आलेच आहे. रिक्षावाल्याला सुटे द्या खाली येऊन.”

वृंदाने चिंगीला जुन्या टॉवेलात गुंडाळून भाजीच्या पिशवीतून आणलं होतं. रेहानाबाईंनी तिच्या पोटावर अलगद हात ठेवला, पट्टा सोडून उल्हासच्या हातात दिला आणि तिला आत नेलं. वृंदा बाकावर टेकली. उल्हासच्या बाटलीतलं पाणी तिने एका दमात संपवलं. ऊन मी म्हणत होतंच.

तिच्या मनगटावर ‘गृहसौख्य’ कडं हिरवं चमकत होतं. ही संस्थेची पुढची निर्मिती. कर्मचाऱ्यांच्या बायकांवर तिची चाचणी चालू होती. आतलं यंत्र मार्जारमित्राचंच. मांजर काय, माणूस काय, गणित एकच, असं व्यवस्थापनाचं मत. त्यामुळे उल्हासचा फोन संध्याकाळी तोच प्रश्न दोनदा विचारायचा, आणि उल्हास बातम्या बघता बघता दोन्हीकडे एकच उत्तर टाकून मोकळा व्हायचा.

आत शस्त्रक्रिया चालू असताना तो यंत्रासमोर बसला. ‘शहाणी’ हा शब्द त्याने सगळीकडून काढला. त्याच्या जागी घातलं, ‘गप्प आहे. डॉक्टरांना दाखवा.’ मग हुकूम सोडला.

विश्रामबागेत एक ठिपका लाल झाला. मग खणभागात तीन. मग गावभाग लालच लाल. बाहेरच्या खोलीतले फोन वाजायला लागले.

रेहानाबाई हात पुसत बाहेर आल्या. “काढलं गर्भाशय. आजची रात्र काढली तर वाचेल.” मग त्यांची नजर नकाशाकडे गेली. “अरे बाप रे.”

“यातले निम्मे उगाच असतील,” उल्हास म्हणाला.

“असू देत. उगाच धावलेलं परवडतं.”

तेवढ्यात उल्हासच्या खिशात फोन थरथरला. पडदा लाल. ‘तुमच्या घरी कुणीतरी गप्प आहे. डॉक्टरांना दाखवा.’

“बघा, आमच्या चिंगीचाही आला,” तो म्हणाला. “वरातीमागून घोडं.”

“चिंगीचा कसा येईल?” रेहानाबाई म्हणाल्या. “पट्टा तुमच्याच हातात आहे.”

खरंच होता. चिंगीच्या गळ्यातून सुटला तेव्हाच त्याचा दिवा विझला होता.

उल्हासने बाकाकडे पाहिलं. वृंदा तिथे नव्हती. ती कोपऱ्यातल्या कूलरशी उभी होती, एका हाताने भिंत धरून, दुसऱ्या हाताने बाटली पुन्हा भरत. मनगटावरचं कडं लालभडक झालं होतं. ही सारखं पाणी पिण्याची सवय कधीपासूनची, हे उल्हास आठवू लागला, आणि त्याला काहीच आठवेना. तिचं शेवटचं भांडणसुद्धा.

“वृंदा, तुला... बरं वाटत नाहीये का?”

तिने पदर सारखा करून कडं झाकलं.

“तुम्ही आधी चिंगीचं बघा,” ती म्हणाली. “मला काय धाड भरलीय?”