दुसरी चिमणी

दोन हजार एकावन्न साल उजाडेपर्यंत माणूस गेल्यावर मागे उरणाऱ्या गोष्टींत एका नव्या गोष्टीची भर पडली होती. ती म्हणजे त्याचा हात. हाडामांसाचा नव्हे, हाताची सवय. तिला 'करठसा' म्हणत. वारसाने वर्षाच्या आत काही कळवलं नाही, तर कायद्याने तो पुसून टाकला जाई.

ऋजुता मगदूम आई गेल्यानंतर अकराव्या महिन्यात मिरजेहून पुण्याला आली, ती आईच्या करठशासाठी. तो साठला होता एका खेळात. साठ वर्षांपूर्वी जपानातून आलेल्या त्या यंत्रावरचं नाव मिरजेत कुणालाच वाचता आलं नव्हतं. पडद्यावर एक गोलमटोल पाखरू उडायचं, म्हणून आजोबांच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात त्याला 'चिमणी' म्हणत. चिमणीने चोचीतून ज्वारीचे दाणे उडवायचे. समोरून हसरी वांगी येत, जांभया देणारे ढग येत, आणि शेवटी पापण्या फडकवणारा एक फणस येई. दाणा लागला की कुणी मरत नसे, शिंक येऊन त्याचं फूल होई. चिमणीला मात्र तीनच लाइफ.

पाच वर्षांपूर्वी एका कंपनीने तो खेळ नव्याने घडवून घरोघरी आणला, तेव्हा ऋजुताची आई, सदुसष्ट वर्षांच्या विजयाबाई मगदूम, पुन्हा खेळू लागल्या. आता त्याच कंपनीने तो आणखी एकदा, अगदी पिसापिसापासून नव्याने केला होता. जुनी यंत्रं बंद होणार होती. त्यांतले ठसे नव्यात न्यायचे, तर वारसाने समक्ष येऊन सही करायची होती.

कंपनीच्या करठसा विभागाचे प्रमुख डॉ. तन्वीर मुजावर पस्तिशीचे होते. शर्टाच्या खिशात एक चष्मा, डोळ्यांवर दुसरा.

"चहा पाणचट आहे, ताई, आधीच सांगतो. मी कुरुंदवाडचा. मिरजेच्या माणसाचं तोंड कसं होईल ते मला माहीत आहे."

"चालेल. नावं ठेवायला हक्काचा माणूस मिळाला," ऋजुता म्हणाली.

"दुसरं सांगतो. ठसा म्हणजे आई नाही. सगळ्यांना सांगतो, ऐकत कुणी नाही."

"मग काय आहे?"

"घरी भाकरी कोण थापायचं?"

"आईच."

"ताटातली भाकरी बघून कळायचं, आईची की शेजारणीची?"

"कड बघून कळायचं. आईची एका बाजूला जाड असायची."

"ती कड कुणी ठरवून जाड करत नाही. हाताचं हातालाच माहीत. खेळातही तेच." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "वांगं दिसल्यापासून बटण दाबेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग जातो. तेवढ्यात हात ठरवतो, आधी कुणाकडे वळायचं, कुणाला सोडायचं, कुणासाठी थांबायचं. यंत्र ते सेकंदाला हजार वेळा टिपतं. पुरेसे डाव साठले की गणित उलटं मांडता येतं. पडदा असा असेल, तर हा हात काय करेल? त्याचं उत्तर म्हणजे करठसा. त्याला तुमचं नाव माहीत नाही. काय करायचं, तेवढंच माहीत."

"आणि आईचे पुरेसे आहेत?"

"बाराशे अकरा डाव! एवढा भरलेला ठसा आमच्याकडे दुसरा नाही. माझ्या अब्बांचा काढला असता, तर नुसता बातम्यांचे चॅनेल बदलत बसला असता."

ऋजुताला हसू आलं. तिने समोरची जॉयस्टिक हातात घेतली. पडद्यावर दोन चिमण्या आल्या. तांबडी आईची, निळी तिची. नव्या कारागिरीत वांग्याच्या देठावरचे काटेसुद्धा दिसत होते. पहिला ढग जांभई देत आला. ऋजुताने निळी वर घेतली, आणि तांबडी दचकल्यासारखी वळून थेट ढगात घुसली. दुसऱ्यांदा ती निळीवरच आदळली. तिसऱ्यांदा तर जागच्या जागी गोल फिरत राहिली. अर्ध्या मिनिटात तिच्या तिन्ही लाइफ गेल्या.

"ही आई नव्हे," ऋजुता म्हणाली. "बारा वर्षांची असल्यापासून खेळायची ती. दुकानात आलेले बाप्ये आपला डाव सोडून तिचा बघत उभे राहायचे. तुमचं गणित चुकलंय, डॉक्टर."

तन्वीरनी वाद घातला नाही. डोळ्यांवरचा चष्मा खिशात गेला, खिशातला डोळ्यांवर आला.

"अर्जात तुम्ही लिहिलंय, आम्ही दोघी रोज खेळायचो."

"हो."

"एक डाव जॉयस्टिकला हात न लावता बघता का?"

तिने हात मागे घेतले. खेळ सुरू झाला. निळी चिमणी डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात उभी होती, आणि तांबडी सरळ येऊन तिच्या पुढ्यात थांबली. मग जे सुरू झालं ते बघत राहावं असं होतं. वांगी तीन बाजूंनी येत होती आणि तांबडी एकेकाला शिंकायला लावत होती. ती दूर गेली तरी निळीकडे येणारी वाट कधी मोकळी सुटत नव्हती. एकदा ढग अगदी जवळ आला, तेव्हा तांबडीने तो स्वतःच्या अंगावर घेतला. पाचव्या लेव्हलला निळीच्या तिन्ही लाइफ शाबूत होत्या.

"हा हात असाच घडलाय," तन्वीर म्हणाले. ते तिच्याकडे न बघता बोलत होते. "सगळे डाव दोघांचे. त्यातल्या अकराशे शहाण्णव डावांत दुसरी जॉयस्टिक हललेलीच नाही. मला वाटलं, ती बिघडली असावी."

त्यांनी तिच्यापुढे एक दार उघडून धरलं होतं. नुसतं 'हो' म्हटलं की झालं.

"जॉयस्टिक चांगली होती," ऋजुता म्हणाली. तिचे कान तापले होते.

आजोबांच्या दुकानात एक नियम होता, दोन माणसांचं यंत्र एकट्याने अडवायचं नाही. आईने तो साठीनंतर स्वतःच्या घरातही पाळला. ती नेहमी 'दोघं' हेच बटण दाबायची. शेजारच्या खोलीत ऋजुता शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासत बसलेली असे. "आले, तू चालू कर," ती म्हणायची. खोटं बोलत नसे, पान संपलं की उठणार असे. पान संपायचं, दुसरं सुरू व्हायचं. आई चालू करायची. मुलगी आलीच तर तिच्या लाइफ शिल्लक असाव्यात, म्हणून त्या निळ्या चिमणीला रोज सातव्या लेव्हलपर्यंत सांभाळून न्यायची. औषधं, तपासण्या, फिजिओथेरपी, यांतलं ऋजुताने काही चुकवलं नव्हतं. मातीला आलेल्या सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं, आणि तिने ते मान खाली घालून घेतलं होतं.

"आता निवड करायची," तन्वीर म्हणाले. "ठसा उघडा ठेवायचा की बंद. एकदा ठरलं की बदलता येत नाही. उघडा ठेवला तर तो तुमच्याबरोबर खेळून शिकेल. चाळीस-पन्नास डावांत हलत्या जोडीदाराशी जमवून घेईल."

"आई जमवून घेईल?"

"तिथंच तर मेख आहे. शिकेल ते तुमच्या हाताकडून. काकूंच्या डावांत त्याचा नमुनाच नाही. दुसरी जॉयस्टिक हलली त्या पंधरा डावांवर काही उभं राहत नाही."

"आणि बंद ठेवला तर?"

"आहे तसा राहील. फक्त तुम्ही…"

"मी हलायचं नाही."

"हो."

"लोक काय घेतात?"

"बहुतेक सगळे उघडा घेतात. सहा महिन्यांत खेळ मस्त जमतो. मग तो ठसा कुणाचा, हे कुणी विचारत नाही."

ऋजुता अर्जाकडे बघत राहिली. उघडा घेतला तर अर्जातलं वाक्य खरं होणार होतं. दोघी रोज खेळल्या असत्या, वांग्यांवर तुटून पडल्या असत्या. पण त्या दोघी म्हणजे एक ऋजुता आणि दुसरीही हळूहळू ऋजुताच. आईचं जे उरलं होतं, ते लेकीच्या न येण्याभोवतीच घडलं होतं. ती पोकळी बुजवली तर आईच बुजली असती. आणि बंद घेतला, तर ज्याची लाज वाटत होती तेच पुन्हा करायचं होतं. आता शेजारच्या खोलीत नव्हे, समोर बसून, उघड्या डोळ्यांनी.

तिने 'बंद' वर खूण केली.

"एक पूर्ण डाव बघून मग सही करायची असते," तन्वीर म्हणाले.

ती हात मांडीवर ठेवून बसली. आई खेळली. शेवटचा फणस पापण्या फडकवत आला, त्याने तिला दोनदा लोळवलं, आणि शेवटच्या लाइफवर तिने त्याला शिंकायला लावलं. नव्या आवृत्तीत जिंकल्यावर जोडीदाराचंही कौतुक होतं. एक लाडिक आवाज म्हणाला, "वा गं चिमणे! काय छान साथ दिलीस!" आणि पंखही न हलवलेल्या निळ्या चिमणीवर फुलांचा पाऊस पडला.

तन्वीर खिशातला चष्मा पुसत राहिले.

मग पडद्यावर पुन्हा पहिलं पान आलं. बाण 'दोघं' वर जाऊन थांबला. तो तिथून हलेना.

"अडकलं का?"

"नाही, ते ठशातच आहे. प्रत्येक डावाआधी हा हात असाच थांबतो. पन्नास सेकंद, कधी मिनिटभर. कारण काही सापडलं नाही. यंत्र फक्त हात टिपतं ना." मग त्यांनी सहज विचारलं, "काय करत असतील हो काकू तेवढ्यात?"

ऋजुताला माहीत होतं. भिंतीपलीकडून हाक यायची, "ऋजू, ये की गं." मग काही वेळ काहीच नाही. मग पुन्हा तीच हाक, जरा हळू, कामात असेल तर मोडायला नको अशी.

"कल्पना नाही," ती म्हणाली.

'दोघं' दाबलं गेलं. तांबडी चिमणी उडाली, आणि निळीच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.