भिशीचा शेवटचा नंबर

सातवी ‘ब’ला बुधवारी चौथा तास अर्थशिक्षणाचा, आणि त्या तासाला वर्गात एकतीस म्हातारी माणसं येत. खरी नव्हेत, बाकांवरच्या काचपाट्यांत. चाळीसगावच्या त्या शाळेत यंदा ‘भावीदर्पण’ आलं होतं. काचेत पाहिलं की ज्याला त्याला आपला म्हातारा किंवा आपली म्हातारी दिसे आणि पैसे उडवू नकोस म्हणून दम देई. धोत्रेबाईंना हे यंत्र फार आवडे. तीस वर्षं त्या जे घसा फोडून सांगत आल्या होत्या, ते आता मुलांचेच सुरकुतलेले चेहरे सांगत. बाईंचा घसा पुष्कळ सुधारला होता.

“माझी म्हातारी म्हणते, वडापाव बंद,” ओवी चौधरी कुरकुरली. “स्वतःला दात नाहीत म्हणून जळते माझ्यावर.”

बत्तिसावी पाटी जुई बोरसेची. तिच्यात म्हातारी नव्हतीच. दोन वेण्यांची एक मुलगी होती, जुईपेक्षा जेमतेम बोटभर उंच.

“साठवू नकोस,” ती मुलगी म्हणाली. “भिशीत पहिला नंबर घे. समुद्र बघून ये.”

“जुईची म्हातारी सातवीतच नापास झाली!” ओवीनं जाहीर केलं. वर्ग हसला. जुई हसली. बाईही हसल्या, आणि ते हसणं त्यांना पुढे बरेच दिवस आठवणार होतं.

भिशी हे बाईंचं प्रात्यक्षिक. बत्तीस मुलं, महिन्याला पन्नास रुपये. दर महिन्याला डब्यातून एक चिठ्ठी निघणार, तिच्यावर ज्याचं नाव, त्याचे सोळाशे; निघालेला नंबर नको असेल, तर पुढचा मागून घेता येणार. पहिली सोडत येत्या सोमवारी, शेवटचा नंबर थेट नववीतल्या जानेवारीत. बाकी सगळ्यांना त्यांची म्हातारी माणसं सांगत होती, नंबर उशिरा घ्या. एकट्या जुईला उलटा सल्ला. बाईंनी यंत्र बिघडल्याची तक्रार केली.

कंपनीचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, अतिशय नम्र. ‘यंत्रात दोष नाही. ज्या वयापर्यंत पैसा पुरवायचा, त्या वयाचा चेहरा भावीदर्पण दाखवतं. ते वय विद्यार्थ्याच्या मनगटपट्टीतल्या हृदयाच्या नोंदींवरून काढलं जातं. आमच्या सेवेला पाच तारे द्याल?’

मूळच्या गणिताच्या शिक्षिकेला हे एका वाचनात कळायला हवं होतं. तीन लागली.

बाईंनी जुईच्या आईला बोलावून घेतलं. ती ब्लाउज शिवायची. गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून ती धावत आली.

“तिला कळलं का?” तिनं आधी हेच विचारलं.

“नाही. हसण्यावारी गेलं.”

“आम्ही तिला रक्त कमी आहे म्हणून सांगितलंय. डॉक्टर म्हणाले, फार तर पुढच्या वर्षीची दिवाळी.” तिनं टेप बोटाला गुंडाळली. “बाई, तिला वेगळं वागवू नका हं. तिला लगेच कळतं.”

अर्ध्या गुणासाठी मुख्याध्यापकांशी भांडलेल्या धोत्रेबाईंनी त्या रविवारी आयुष्यातली पहिली लबाडी केली. बत्तीस चिठ्ठ्या लिहिल्या. बत्तिसांवर एकच नाव.

सोमवारी ओवीनं डब्यात हात घातला. “जुई बोरसे!”

टाळ्या पडल्या. जुई मात्र जागची उठली नाही. “मला नको. मी शेवटचा नंबर घेणार.”

“अगं, तुझी पाटीसुद्धा म्हणते ना, पहिला घे म्हणून?” बाई म्हणाल्या. आवाज जरा जास्तच सहज निघाला.

“ती काहीही सांगते, बाई. धड आठवीतली दिसत नाही, आणि मला शहाणपणा शिकवते.”

“मग मी दुसरी काढते,” ओवी म्हणाली. बाईंचा हात डब्यापर्यंत पोचायच्या आत तिनं चिठ्ठी उघडलीही. वाचली. आणखी एक काढली, तीही वाचली. मग तिनं बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. ओवीनं दोन्ही चिठ्ठ्या मुठीत चुरगळल्या.

“भावेश सोनार,” शेवटी ती मोठ्यानं म्हणाली, आणि दोन्ही चिठ्ठ्या तोंडात टाकून चावू लागली.

“ए, चिठ्ठ्या काय खातेस?” भावेश ओरडला.

“वडापाव बंद आहे ना माझा!”

वर्ग खो-खो हसला. जुई तेवढी हसली नाही. ती डब्याकडे बघत होती. मग बाईंकडे. सावकाश उठून ती टेबलापाशी आली आणि घडी केलेली पन्नासाची नोट तिनं भिशीच्या वहीवर ठेवली. बाईंनी पान उलटून नववीतल्या जानेवारीपुढे शाईनं लिहिलं, ‘जुई बोरसे’. अक्षर नेहमीसारखं आलं नाही.

जुईनं ते नाव वाचलं. मग इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिनं विचारलं, “बाई, तोवर चालेल ना आपली भिशी?”