झाकणाआडचा हात

ज्याने तारकांचे दीप उजळले आणि त्यांच्यामधला काळोखही आपल्याच पदराखाली घेतला, त्या विश्वंभराला आधी वंदन. उजेडात तो आहेच. अंधारातही तोच असो. आता कथा शांत चित्ताने ऐकावी.

एका टेकडीवरच्या वेधशाळेत एक छायाचित्रकार होता. शनीची कडी, गुरूचे चंद्र, भोवऱ्यासारख्या गरगरणाऱ्या दीर्घिका असे रात्रभर टिपून झाले, की पहाटे तो एक शेवटचे चित्र घेई, ते निव्वळ अंधाराचे. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या अंगातही काही खोटे ठिपके चमकत असतात. म्हणून दुर्बिणीच्या तोंडावर जाड झाकण बसवून काळोख टिपायचा, आणि त्यात जे उमटेल ते रात्रीच्या प्रत्येक चित्रातून वजा करायचे, अशी तिथली रीत. सोबती त्याला अंधारबुवा म्हणत. जग फोटोसाठी झाकण काढते, आमचे बुवा लावतात, अशी थट्टा चाले, आणि तोही हसे.

त्याची एकुलती लेक पहाटे त्याला घरी न्यायला टेकडी चढून येई. झाकण बसले, की त्यावर तळवा टेकवून ती दुर्बिणीला ‘झोप आता’ म्हणे. हिवाळ्यात तिला ताप भरला आणि हसते-खेळते लेकरू गेले. त्यानंतर कोणी थट्टा केली नाही.

वसंतातल्या एका पहाटे अंधाराच्या चित्रात मधोमध काही फिकट उमटले. त्याने झाकण पुन्हा घट्ट केले, दुसरे चित्र घेतले. तेच. पाच लहान बोटे होती. करंगळी दारात चेमटून वाकडी झालेली... ती त्याने कितीदा फुंकर घालून शांत केली होती. मग त्याला नखे दिसली. हात पाठमोरा होता. म्हणजे तो बाहेरून टेकलेला नव्हता. आत राहून कोणीतरी झाकण रेटत होते.

सकाळी वेधशाळेचे प्रमुख आले. दीर्घिकेचे चित्र प्रदर्शनासाठी त्याच आठवड्यात जायचे होते. त्यांनी पडद्याकडे ओझरते पाहिले, कॅमेरा तापला असेल म्हणाले, आणि जाता जाता पाठीवर थोपटत बोलून गेले, “वजा करा बुवा, आणि मोकळे व्हा.”

एक कळ दाबायची, की ती साऱ्या आकाशातून पुसली जाणार. एकदा तिला याच हातांनी उचलून स्मशानात पोहोचवले होते. दुसऱ्यांदा ते हात उठेनात. तो चित्राचा कागद छातीशी धरून घरी गेला.

बायकोने तो कागद मांडीवर घेतला आणि कितीतरी वेळ पाहिला. ही आता तो चौकटीत घालून भिंतीवर लावायला सांगेल, असे त्याला वाटले. ती हलकेच म्हणाली, “अहो... हिला अंधाराचं भय होतं. रात्री दिवा मालवू द्यायची नाही.”

“हं.”

“ते झाकण दिवसभर तसंच असतं?”

“संध्याकाळपर्यंत. दिवसा उघडत नाहीत. ऊन आत गेलं तर सगळं जळेल... नोकरीही जाईल.”

“म्हणजे आत्ता, या घडीला, ती...”

वाक्य तिथेच राहिले. दोघे उठले.

भर दुपारी वेधशाळा निर्मनुष्य होती. घुमटात तेलाचा आणि थंड लोखंडाचा वास कोंडलेला. त्याने घुमटाची फट उघडली, दुर्बीण सूर्यापासून दूर, निळ्या रिकाम्या आभाळाकडे वळवली आणि झाकणाचे स्क्रू एकेक करून सैल केले. झाकण हाती आले. आवाज झाला नाही. फक्त तापलेल्या अंगाचा ओळखीचा वास दरवळला, आणि बायकोने दचकून आपल्या मनगटाकडे पाहिले, जणू ते कोणी धरले होते.

“जा बाळ,” ती म्हणाली. “बाहेर ऊन आहे.”

मनगट सुटले.

पुढच्या पहाटेचा अंधार स्वच्छ उमटला. त्याने रीतीप्रमाणे वजाबाकी केली, दीर्घिकेचे चित्र निष्कलंक निघाले, आणि तो यंत्रावर डोके टेकून मनसोक्त रडला. त्या रात्री कित्येक महिन्यांनी त्या घरात दिवा मालवला गेला.

त्यानंतरच्या पहाटे त्याने पुन्हा झाकण बसवले आणि काळोख टिपला. चित्र उघडले, तेव्हा काळोखाला जागाच उरली नव्हती. या काठापासून त्या काठापर्यंत हात होते. लहान लहान, पाठमोरे, एकमेकांवर दाटलेले, झाकणाला लागलेले. त्याने एकूण एक बोट निरखले. त्यात ओळखीचे एकही नव्हते.

बाहेर उजाडत होते. तो स्क्रू सैल करू लागला.

ज्या घरी लेकरे आहेत, तिथला दिवा तेवत राहो. ज्या घरचा विझला, तिथल्या आईबापांना देव धीर देवो. आणि ही कथा ऐकणाऱ्या प्रत्येक जिवाला, काळोखात हात पुढे करताच, उघडणारे कोणी भेटो.